जुनी येझदी मोटारसायकल पुन्हा चालती करायची आहे, आयुष्यात पहिल्यांदाच. आधी काय खोलू?

तासगावचा_भाचा

मंडळी, नमस्कार. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

मामांची येझदी २५० क्लासिक माझ्याकडे आली आहे. आरसी बुकावर उत्पादन वर्ष १९८४. मामा गेल्यापासून गाडी गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाला सारखा विचारून जायला लागला तशी मामी म्हणाली, "तुला न्यायची असेल तर ने, नाहीतर मी देऊन टाकते." टेम्पोत घालून आणली. सध्या आमच्या पार्किंगमध्ये आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांत खुपते आहे.

गाडीचा हालहवाल असा: किक तसूभर हलत नाही. टाकी हलवली की आत गंजाचे पापुद्रे खुळखुळतात. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार मांडला होता. दोन्ही सायलेन्सर जागेवर आहेत, क्रोम मात्र गेलं. टायरांना भेगा. डायनामो (वीज तयार करणारा) आणि कटआऊट (त्याचा चार्जिंगचा स्विच) आहे, बॅटरीच्या जागी नुसता पट्टा लोंबतोय. चेन कव्हर शाबूत आहे, त्यामुळे आतली चेन अजून बऱ्यापैकी ग्रीसमध्ये आहे!

माझा अनुभव म्हणाल तर सायकलचे हब, घरचे पंखे आणि बहिणीच्या स्कूटरचा कार्बोरेटर. इंजिन कधी उघडलेलं नाही.

बेत असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत गाडी फ्रेमपर्यंत मोकळी करायची, फ्रेम पावडर कोटिंगला द्यायची, टाकी-मडगार्ड रंगवून घ्यायचे आणि मग निवांत इंजिनाला हात घालायचा. व्हिडिओत सगळे असंच करताना दिसतात. जाणकारांनी हाणावं.

उद्यमनगर

हाणतोच. भावा, पाना खाली ठेव.

तुझा बेत बरोबर उलटा आहे. आधी कागद, मग इंजिन, मग वायरिंग, मग चाकं-ब्रेक आणि सगळ्यात शेवटी रंग. फ्रेम चकाचक करून आणलीस आणि मग लक्षात आलं की इंजिनाच्या माउंटिंगला तडा आहे, वेल्डिंग पाहिजे, की तो रंग जळाला म्हणून समज. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नवख्या माणसाचा उत्साह खोलताना जेवढा असतो तेवढा जोडताना राहत नाही. आमच्याकडे पोत्यात भरलेल्या येझद्या विकायला येतात. मालकाने हौसेने खोलली, पार्ट गच्चीवर ठेवले, मध्ये पावसाळा आला, मध्ये लग्न आलं. अशी गाडी शेवटी लोखंडाच्या भावाने जाते.

इंजिन फ्रेममध्येच ठेवून जेवढं कळतं तेवढं कळून घे. ते जिवंत आहे की नाही हे समजल्याशिवाय एकही पैसा दिसण्यावर घालवू नको.

आणि पहिलं काम आजच कर. फ्रेमवरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर रॉकेलने पुसून काढ, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरव, ठसा घे. दोन्ही आरसी बुकाशी ताडून बघ. इंजिन नंबर जुळत नसेल तर पुढचं सगळं बोलणं वेगळं.

फॉर्म_एकतीस

वरच्या प्रतिसादाला +१. मी एका एजंटाकडे बरीच वर्षं काम केलंय, म्हणून कागदांपुरतं बोलतो.

मालक वारले आहेत, म्हणजे नेहमीचं २९-३० नंबर फॉर्मवालं हस्तांतरण थेट होत नाही. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांचं नाहरकत. कायद्याप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. ती मुदत कधीच टळलेली दिसते, तेव्हा दंडाची तयारी ठेवा. मामींच्या नावावर आधी आणि मग तुमच्या नावावर, की बाकी वारसांच्या संमतीने थेट तुमच्या नावावर, हे तुमच्या कार्यालयात जाऊन विचारा. काउंटरगणिक उत्तर बदलतं.

गाडी १५ वर्षांच्या पुढची असल्याने नोंदणीचं नूतनीकरण लागेल, फॉर्म २५, दर खेपेला ५ वर्षं. २० वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. उशिराचा भुर्दंड दरमहा धरतात.

एम.एच. मालिकेच्या आधीचा नंबर असेल तर तो संगणकावर सापडतो का ते परिवाहनच्या संकेतस्थळावर आधी बघा. सापडला नाही तर जुन्या रजिस्टरवरून 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून इंजिनाच्या आधी सुरू करा. रजिस्टर सापडेपर्यंत तुमचा बोअर मारून (सिलिंडर आतून कातून) होईल.

'व्हिंटेज'ची व्हीए मालिका तुम्हाला लागू नाही. तिला गाडी ५० वर्षांच्या वरची लागते, आणि तसली गाडी रोज वापरता येत नाही.

तपासणीला गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. दिवे, हॉर्न, ब्रेक चालू पाहिजेत. चालवत नेऊ नका, नोंदणी संपलेली आहे. छोटा हत्ती करा.

चौथा_गिअर

हे सगळं वाचून एकच सुचवतो. गाडी विका, तेवढ्या पैशांत चालू अवस्थेतली यामाहा आरएक्स १०० बघा, आणि सुखाने जगा.

रेवा_साताऱ्याची

चौथा_गिअर, धाग्यावर आरएक्सवाला आला नाही असं कधी होईल का हो? आणि चालू आरएक्सचे भाव हल्ली बघितलेत का?

भाचेसाहेब, मी बाबांची रोडकिंग उभी केली आहे, घरच्या ओट्यावर आणि अंगणात. तुम्हाला येईल. दोन गोष्टींची तयारी मात्र आधीच करा.

एक म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर, हातोडी मारून फिरतो तो. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू मऊ असतात आणि चाळीस वर्षांत कुठल्या ना कुठल्या फिटरने त्यांची खाच खाल्लेली असते. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की उरलेली खाच जाते आणि मग छन्नी आली. त्यासोबत क्लचचा आणि डायनामोच्या रोटरचा पुलर लागेल. पाचर मारून उपसत बसू नका. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाचे आटे गेले तर पूर्ण क्रँकच बदलायची पाळी येते.

दुसरं म्हणजे डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिळतील ते. एका कव्हरचे स्क्रू एका डब्यात, झाकणावर मार्करने नाव. स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा आणि जिथला स्क्रू तिथे भोक पाडून खोचायचा, हे सगळ्यात उत्तम. फोटो काढाच, पण वायर कुठल्या बाजूने आत गेली हे फोटोत कधीच दिसत नाही.

तासगावचा_भाचा

सर्वांचे आभार. पावडर कोटिंग रद्द, सेक्रेटरींचीही समजूत काढली.

ठसे घेतले, दोन्ही नंबर जुळतात. नंबर संगणकावर नाही, फॉर्म_एकतीस यांनी म्हटलं तसंच. अर्ज दिला आहे.

प्लग काढून आत डिझेल आणि थोडं टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते) ओतून ठेवलंय. किकवर उभं राहून बघू का? शेजारचे काका म्हणतात, एक दणका दे, सुटेल.

उद्यमनगर

काकांना चहा पाज आणि घरी पाठव.

पिस्टनच्या रिंगा लाइनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटल्यात. दणका दिलास तर रिंग तुटते, तुकडा पोर्टात (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकतो, सिलिंडरला चर पडते. शिवाय या गाडीत किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असतात. ती आत दाबून वर घेतली की किक होते. आतली दातेरी गुंतवण नाजूक आहे, त्यावर ८० किलोचा माणूस उभा करायचा नसतो.

डिझेल मुरू दे. मग गाडी मेन स्टँडवर घे, टॉप गिअर टाक, मागचं चाक हाताने पुढे-मागे हलव, इतकंच. एका दिवशी सुटलं नाही तर परत ओत. तरी नाहीच सुटलं तर हेड काढ, सिलिंडर वर तसाच ठेवून लाकडी ठोकळ्याने पिस्टनवर हळूहळू टिचक्या मार.

तासगावचा_भाचा

सुटला! चाक हलवता हलवता 'कर्र' झालं आणि फिरला. मी एवढ्या जोरात ओरडलो की सेक्रेटरी बाल्कनीत आले.

पण आता क्लच दाबला तरी चाक मोकळं होत नाही.

रेवा_साताऱ्याची

क्लचचे कॉर्क चिकटलेत. उभ्या राहिलेल्या प्रत्येक येझदीला हेच होतं. कव्हर उघडून प्लेटा सुट्या करा, कॉर्क झिजले-तुटले असतील तर नवीन बसवून घ्या, चांगले असले तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून मग बसवा. कव्हर उघडलंच आहे तर प्रायमरी चेनचा ढिलेपणाही बघून घ्या.

उद्यमनगर

आता मुद्द्याचं. सिलिंडर काढ. क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंब, हे विसरायचं नाही, कारण पिस्टन पिनची सर्क्लिप उडाली तर ती नेमकी आतच जाते आणि मग एका इवल्याशा तारेसाठी पूर्ण इंजिन फाडायला लागतं. सर्क्लिप परत बसवताना नवीनच घे.

कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) दोन बोटांनी धर. क्रँक वरच्या टोकाला आणून रॉड सरळ वर-खाली ओढून बघ. डावी-उजवीकडे थोडा हलला तर हलू दे, ती मोकळीक असतेच. वर-खाली मात्र 'टक्' असा जराही आवाज आला तर बिग एंड बेअरिंग (रॉडच्या खालच्या टोकाचं) गेलं. गोठ्यातल्या दमटपणात हे बेअरिंग वाचलेलं असणं अवघड.

आणि बेअरिंग ठीक वाटलं तरी क्रँकची सीलं बदलायचीच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, म्हणून ती जागा हवाबंद लागते. एवढ्या वर्षांत सीलाचं रबर दगड झालेलं असतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर बॉक्सचं ऑइल ओढतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि ऑइलची पातळी खाली. डायनामोच्या बाजूचं गेलं तर जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि चढावर कुठेतरी पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. लोक मग पिस्टनच्या कंपनीला शिव्या घालतात.

क्रँक दाबून बसवलेली असते, घरी उघडायच्या भानगडीत पडू नको. लेथवाल्याकडे दे, पण कुठल्याही नाही. ज्याच्याकडे प्रेस आहे आणि जो रॉड बदलल्यावर क्रँक सेंटरवर धरून डायल गेज लावून तुझ्यासमोर फिरवतो, त्याच्याकडे. काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशापेक्षा जास्त हलला तर परत ठोकून सरळ करायला लाव. "चालतंय की" म्हणाला तर क्रँक उचल आणि चालू पड.

बोअरचं म्हणशील तर पिस्टन आधी विकत घे आणि मग सिलिंडरसकट बोअर मारायला दे. उलटं करू नको. मूळ बोअर ६५ मिमी, पुढे पाव-पाव मिमीने वाढत जाणारे पिस्टन मिळतात. बोअरवाल्याने हातातला पिस्टन मापून त्याच्या हिशेबाने होनिंग (आतून शेवटची घासाई) करायचं असतं. सिलिंडर परत आला की पोर्टांच्या कडांवरून बोट फिरव. कडा धारदार लागल्या तर बारीक पॉलिश पेपरने मोडून घे, नाहीतर रिंगा तिथे खरवडतात. रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या पिनांवर नीट बसली की मगच सिलिंडर खाली सोड. जोर लावायचा नाही. अडला तर रिंग पिनेवरून सरकली आहे असं समजायचं.

ब्रनोहून_बाप्पा

मी चेक प्रजासत्ताकात असतो, कामानिमित्त. इथे जावा ३५३ चे पार्ट अजून सर्रास मिळतात, सीलं, पॅकिंग, रबरं, तारा वगैरे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जी गाडी बनवली ती याच ३५३ वरून, आणि येझदीची वंशावळही तिथलीच. पण पुढे आपल्याकडे बदल होत गेले, तेव्हा सरसकट जमेल असं धरू नका. जुना पार्ट कॅलिपरने मोजून मग मागवा. टपाल आणि कस्टम धरून हिशेब करा. सीलांसाठी एवढा खटाटोप नको, मापाची सीलं पुण्यात नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात मिळतील.

आणि कृपया २०२२ नंतरच्या नव्या येझदीचे पार्ट विचारू नका. ती फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी. नावापलीकडे नातं नाही.

विजेरी

वायरिंग नवीन करणारच आहात तर डायनामो काढून १२ व्होल्टची यंत्रणा बसवून टाका. सहा व्होल्टचा दिवा लावला की नाही हे खाली उतरून बघावं लागतं. बॅटरीही सहज मिळत नाही.

उद्यमनगर

इथे माझं जमत नाही. दिवा मिणमिणतो तो बहुतेक वेळा अर्थिंगमुळे. चाळीस वर्षांत फ्रेमवर रंगाचे थर बसलेत आणि लोक अर्थची वायर रंगावरच आवळतात. डायनामोचे कार्बन बदल, कम्युटेटर बारीक पेपरने साफ कर, अर्थच्या जागा उघड्या धातूपर्यंत घासून घे आणि मग सांग दिवा कसा पडतो.

विजेरी

घासून बघितलंय. दिवा सुधारतो, रात्री हायवेला पुरत नाही. ज्याला चालवायची आहे त्याने मूळपणाचं सोवळं किती पाळायचं? डायनामो डब्यात जपून ठेवा, उद्या वाटलं तर परत लावा.

सहावरच राहणार असाल तर निदान वायर जाड घाला. तेवढ्याच उजेडाला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो. हल्लीच्या गाड्यांची तयार हार्नेस (वायरींची जुडी) बारीक पडते. आणि डायनामोवाल्या गाडीत कॉइलला करंट बॅटरीतून जातो, बॅटरी मेली की ठिणगी मेली. बॅटरी चांगलीच घ्या.

तासगावचा_भाचा

भांडू नका. सध्या सहा, जाड वायर. रात्री हायवेला जायला घरून परवानगी नाही.

टाकीचं काय करू? एकाने ॲसिड सांगितलं, एकाने गिट्टी घालून हलवायला.

रेवा_साताऱ्याची

ॲसिड नको, पत्रा आधीच पातळ झालेला असतो. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकी भरा. एक लोखंडी गज टाकीला कुठेही शिवणार नाही असा आत टांगा. साध्या बॅटरी चार्जरची पॉझिटिव्ह गजाला, निगेटिव्ह टाकीला. गंज सुटून गजावर येतो, गज अधूनमधून खरवडायचा. स्टीलचा चमचा-उलथनं वापरू नका, स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि आसपास बिडीवाला नको. बाहेरचा रंग असा आहे तसा राहतो, हा यातला मोठा फायदा. धुऊन वाळवली की लगेच आत टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात परत तांबूस.

पेट्रोलचा कॉक आणि नळीही बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि ओलावा धरतं. गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायची सवय लावा.

चौथा_गिअर

मी हे सगळं वाचतोय आणि मला नाइलाजाने आवडायला लागलंय. टाकीचा रंग कुठला आहे मूळचा?

तासगावचा_भाचा

मरून. क्रोमच्या बाजूंवर रबरी पॅड आहेत, एकावर मामांनी पानाचा चुना लावलेली बोटं पुसलेली अजून दिसतात. टाकी रंगवणार नाही, ठरलं.

प्रगती: रॉड बदलला, लेथवाल्याने डायल लावून दाखवला. बोअर ०.५० वर गेला. सीलं नवीन. इंजिन फ्रेममध्ये बसलं. आरटीओत रजिस्टर सापडलं, एन्ट्री व्हायची आहे.

पॉइंटचा (ज्याच्या उघडण्याने ठिणगी पडते त्याचा) गॅप फीलर गेजने ०.४ मिमी केला. पण पॉइंट नेमका कधी उघडतो हे डोळ्याने कळत नाही.

उद्यमनगर

सिगरेटच्या पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद घे. पॉइंटच्या मध्ये धर आणि हलका ताण देत राहा. दुसऱ्या हाताने क्रँक फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरव. ज्या क्षणी कागद अलगद सुटून बाहेर येतो तिथे पॉइंट उघडला. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकाच्या किती खाली आहे ते प्लगच्या भोकातून मोजायचं आणि मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचं, बेस प्लेट सरकवून. टाइमिंग करायच्या आधी गॅप, नंतर गॅपला हात लावायचा नाही, नाहीतर टाइमिंग परत हललं.

तासगावचा_भाचा

काल संध्याकाळी चालू झाली!! कार्बोरेटरवरची टिकलर नावाची कळ दाबून पेट्रोल ओघळू दिलं, किक मारत राहिलो, आधी नुसतं फुसफुस, मग एकदम पेटली. व्हिडिओ मामीला पाठवला. तिने फोन करून एवढंच विचारलं, "हॉर्न वाजतोय का?" वाजत नाही.

पण धूर प्रचंड. पांढरा. अख्खं पार्किंग भरलं. सील परत गेलं का?

रेवा_साताऱ्याची

अभिनंदन! घाबरू नका. सायलेन्सर आतून साफ केले होते का? जुनं ऑइल आणि काजळी आत साठलेली असते, त्यात तुम्ही ओतलेलं डिझेलही गेलेलं. ते जळेपर्यंत धूर येणारच. आतल्या जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, हातमोजे घालून.

उद्यमनगर

अभिनंदन भावा. सायलेन्सर साफ करून पंधरा-वीस मिनिटं चालव. धूर कमी होत गेला तर जुना कचरा होता. तसाच राहिला तर गिअर बॉक्सच्या ऑइलची पातळी बघ. उतरलेली असेल तर क्लचच्या बाजूचं सील बसवताना त्याचा ओठ (आतली रबरी कड) दुमडला असेल. क्लच काढून फक्त तेवढं सील परत बसवता येतं, इंजिन उतरवायची गरज नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली ठेव, रनिंग-इन होईपर्यंत (नवे भाग रुळेपर्यंत) कमी करू नको. एकाच वेगात लांब नेऊ नको, थ्रॉटल वर-खाली करत राहा, आणि उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून लोळत येऊ नको. पेट्रोलसोबतच ऑइल येतं, थ्रॉटल बंद तर ऑइल बंद.

हॉर्नचं तपासणीच्या आधी बघ. त्याच्या पाठीमागे एक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवून बघ, बहुतेक तेवढ्यावरच वाजेल.